रकाना कोरा सोडू नये

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. दोन गोष्टींचा त्यांना मनापासून राग होता: गळकं पेन आणि कोरा रकाना. दर महिन्याच्या सुरुवातीला तालुक्याहून जिल्ह्याला विवरणपत्रं जायची. गुरं किती दगावली, वीज किती ठिकाणी पडली, आगी किती लागल्या, विहिरी किती खचल्या. आमचा तालुका स्वभावाने शांत. तिथे महिनोन्‌महिने काही घडायचं नाही, आणि ते न घडलेलं सगळं वडील टपोऱ्या अक्षरात लिहून काढायचे. निरंक, निरंक, निरंक. पानाखाली पान निरंक.

मी चौथी-पाचवीत असेन. म्हटलं, "बाबा, काहीच नाही तर लिहायचं कशाला? रिकामंच ठेवा की."

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की पाच मिनिटं तरी सुटका नसे.

"हे बघ. इथे शून्य लिहिलं, म्हणजे मी मोजायला गेलो आणि एकही सापडलं नाही. 'निरंक' लिहिलं, म्हणजे कळवण्याजोगं काही नाही, असं मी कळवतो. 'लागू नाही' लिहिलं, म्हणजे आमच्या तालुक्याला समुद्रच नाही, तेव्हा होड्या किती बुडाल्या ते आम्हाला विचारू नका. आणि कोरा सोडला तर?"

"तर काय?"

"तर काहीच कळत नाही. कारकून विसरला, की डुलकी लागली, की अर्धा कागद लिहून चहाला गेला, की मागाहून आकडा घुसवायला कोणी जागा ठेवली? निरंकाखाली माझी सही असते. कोऱ्या रकान्याखाली कोणाचीच नसते."

मला त्यातल्या होड्या तेवढ्या आवडल्या. बाकीचं कळायला पुढे चाळीसेक वर्षं जावी लागली, आणि कळलं ते गणपतीच्या वर्गणीमुळे.

आमच्या सोसायटीत 'कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस' अशी माझी ख्याती आहे. म्हणजे कोणाचा प्रिंटर अडला की मला हाक येते. मध्यंतरी कमिटीने ठरवलं, की यंदा वर्गणीच्या पावत्या फाडायच्या नाहीत, मोबाइलवर पाठवायच्या. काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. मी जावास्क्रिप्टमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली, रात्री नऊ वाजता चालवली आणि समाधानाने ताक प्यायला बसलो.

सव्वानऊला तळमजल्यावरच्या काकांचा फोन. "अहो, हा अनडिफाइन्ड कोण?"

"कोण?"

"तेच विचारतोय. 'प्रिय अनडिफाइन्ड, सप्रेम नमस्कार, आपली वर्गणी मिळाली.' नंबर माझा, पैसे माझे, आणि पुण्य ह्या गृहस्थाला?"

असा नमस्कार नऊ घरांना गेला होता. शिवाय फलकावर लावायच्या हिशेबाची शेवटची ओळ होती, 'एकूण जमा: रुपये नॅन'. खजिनदार वहिनींनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "भाऊजी, नान म्हणजे तंदुरीतली ना? मग बटर लावून द्या."

शोध घेतला. नऊ घरांची माहिती आमच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरांनी भरली होती. मास्तर जुन्या वळणाचे. मराठीतले उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या नियमांनी काढून टाकले, ही गोष्ट त्यांनी अजून मनाला लावून घेतलेली आहे. त्यांनी रकान्याचं शीर्षक 'नांव' असं दिलं होतं. माझी स्क्रिप्ट विचारत होती 'नाव'. एका टिंबाने नऊ माणसं जगातून नाहीशी झाली होती.

आता असा रकानाच नाही म्हटल्यावर एखाद्या भाषेने तिथल्या तिथे सांगितलं असतं. जावास्क्रिप्ट भिडस्त. नसलेली वस्तू मागितली तर ती 'नाही' म्हणत नाही. आत जाते, रिकाम्या हाताने परत येते, आणि त्या रिकाम्या हातालाच अनडिफाइन्ड म्हणते. आपण तो हात पावतीवर छापला तरी तिची हरकत नसते. त्या अनडिफाइन्डच्या घरात शिरून आणखी काही मागितलं, म्हणजे नसलेल्या माणसाच्या बायकोचं माहेर विचारलं, तर मात्र तिचा संयम सुटतो आणि ती स्क्रिप्ट तिथेच बंद पाडते.

एवढ्यावर भागलं असतं. पण जावास्क्रिप्टकडे 'काही नाही'चे दोन डबे आहेत. दुसऱ्याचं नाव नल. अनडिफाइन्ड म्हणजे इथे कोणी काही ठेवलेलंच नाही. नल म्हणजे इथे काही नाही, हे कोणीतरी समजूनउमजून ठेवलं आहे. बंद असलेल्या एका फ्लॅटपुढे मी मुद्दाम नल लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गावाला गेल्या होत्या. त्यांची रक्कम कोणी भरलीच नव्हती. बेरीज करताना जावास्क्रिप्टने नलला निमूटपणे शून्य मानलं. पाचशे एक अधिक नल, पाचशे एक. ठीक. पण पाचशे एकमध्ये अनडिफाइन्ड मिळवलं, तेव्हा झालं नॅन. नॅन म्हणजे 'हा आकडा नव्हे'. त्यात पुढे कितीही वर्गणी मिळवा, ते नॅनच राहतं. दुधात लिंबू पडल्यावर वरून आणखी दूध ओतून उपयोग नसतो, तसं. याची जात विचारली तर भाषा सांगते, 'आकडा'. आणि हा स्वतःशीही बरोबर होत नाही. नॅन आणि नॅन सारखे आहेत का, याचं उत्तर 'नाही'. स्वतःशीच पटत नाही अशी माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान हिशेबात येत नाहीत.

नलही वाटतो तितका सरळ नाही. तो शून्याहून मोठा आहे का? नाही. शून्याएवढा आहे का? नाही. बरं, शून्याहून मोठा 'किंवा' शून्याएवढा आहे का? हो! कारण लहानमोठं ठरवताना भाषा त्याचा आकडा करून घेते, आणि बरोबरी तपासताना करत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांना हुंडा नको असतो, मानपान नको असतो, पण 'हुंडा किंवा मानपान' यावर मात्र मोकळं बोलणं व्हायला हवं असतं. तसंच काहीसं.

या घोळाला माफी देण्याजोगं कारण आहे. ब्रेंडन आइक यांनी ही भाषा १९९५ सालच्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आमच्याकडे गणपतीचा मांडवही नीट उभा राहत नाही. त्या घाईत प्रत्येक मूल्याच्या कपाळावर ते कुठल्या जातीचं हे सांगणारी एक चिठ्ठी लावली होती. 'वस्तू'ची चिठ्ठी होती शून्य, आणि नल तर नखशिखांत शून्यच. त्यामुळे नलची जात विचारली की उत्तर येऊ लागलं, 'वस्तू'. पुढे ही चूक दुरुस्त करावी असं काहींनी सुचवलंही, पण तोवर जगभरच्या पानांना त्या चुकीची सवय झाली होती. दुरुस्ती केली असती तर चालू गोष्टी बंद पडल्या असत्या. तेव्हा चूक तशीच ठेवली, आणि आता ती रीत आहे. ज्या घरांत 'आमच्याकडे असंच करतात' हे वाक्य ऐकू येतं, तिथे बहुधा मागच्या पिढीत कोणीतरी असेच घाईचे दहा दिवस काढलेले असतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. मराठीचं बरं आहे असं वाटत राहिलं. आपल्याकडे नाही वेगळं, नव्हे वेगळं आणि नको वेगळं. चहा नाही, हा चहा नव्हे, चहा नको. पहिल्यात डबा रिकामा आहे, दुसऱ्यात चहाबद्दल मतभेद आहे आणि तिसऱ्यात बहुधा पाहुण्याला दोनदा आग्रह करायचा आहे. इतकं स्वच्छ!

पण मग आई आठवली. आईच्या स्वयंपाकघरात काहीही कधी संपत नसे. तांदूळ संपले की ती म्हणायची, "तांदूळ वाढलेत." कुंकू वाढायचं, बांगडी वाढायची. बाहेर पडणारा माणूस जात नसे, 'येतो' म्हणे, आणि कोपऱ्यावरचा वाणी रात्री दुकान बंद न करता वाढवायचा. सात वर्षांचा असताना मी एकदा तांदूळ वाढलेत हे ऐकून आनंदाने डब्यात डोकावलो, आणि तळ दिसला. म्हणजे माझ्या एकाच घरात दोन भाषा चालत होत्या. एक, अभावाला नाव देऊन खाली सही ठोकणारी, आणि दुसरी, अभावाला कुंकू लावून पाटावर बसवणारी.

प्रोग्रामिंगच्या भाषांचेही असेच स्वभाव पडतात, हे मग माझ्या लक्षात येऊ लागलं. पर्ल ही तर आईच्याच वळणाची. लॅरी वॉल यांनी ती १९८७ साली बाहेर आणली. ते भाषाशास्त्र शिकलेले, त्यामुळे संदर्भाने अर्थ लावायची सवय पर्लच्या अंगात मुरलेली. तिच्याकडे 'काही नाही'ला अनडेफ म्हणतात. त्याला बेरजेत बसवलं की तो शून्य होतो, वाक्यात बसवलं की रिकामा शब्द होतो. पाहुण्यांसमोर तमाशा नाही. फार तर, इशारे चालू ठेवले असतील, तर आतल्या खोलीतून 'न भरलेलं मूल्य वापरलंत हो' एवढं पुटपुटणं ऐकू येतं. पर्लमध्ये एक खास वाक्यही आहे, 'शून्य, पण खरं'. शून्य म्हणजे खोटं, असा तिचा साधा नियम. पण कधीकधी काम यशस्वी होऊन उत्तरच शून्य येतं. अशा वेळी हे वाक्य परत करायचं. आकडा म्हणून ते शून्य, होकार म्हणून ते होकार, आणि त्यावर पर्ल पुटपुटतही नाही. 'पगार नाही, पण नोकरी आहे' हे सांगणाऱ्या भाच्याला मी हल्ली याच नजरेने पाहतो.

पायथन वडिलांची. नसलेलं नाव उच्चारलं की लगेच तक्रार नोंदवते. तिचा 'नन' सबंध कारभारात एकच असतो. सगळे रिकामे रकाने त्या एकाकडेच बोट दाखवतात, जणू तालुक्याचा एकच अधिकृत निरंक. जुन्या पायथनमध्ये या ननला आकड्यांच्या रांगेतही उभं करत, आणि तो उणे कितीही मोठ्या आकड्याहून लहान ठरे. कर्जबाजारी माणसापेक्षा नसलेला माणूस गरीब, असा हिशेब. २००८ साली आलेल्या तिसऱ्या पायथनने हे बंद केलं. आता नन आकड्याहून लहान की मोठा असं विचारलंत तर ती चक्क नकार देते. वडील म्हणाले असते, "बुडालेल्या होड्या आणि समुद्र नसणं यांची वजाबाकी करू नये."

रुबीत 'निल' ही खरोखरीच वस्तू आहे. ती बोलते. तिला यादी द्या म्हटलं तर रिकामी यादी देते, शब्द द्या म्हटलं तर रिकामा शब्द. जपानमधल्या युकिहिरो मात्सुमोतो यांची ही भाषा, तेव्हा नसणाऱ्यालाही वागण्याची रीत आहे. जुन्या रुबीत मात्र एक मौज होती. प्रत्येक वस्तूला एक ओळखक्रमांक असे, आणि निलचा होता चार. आता समजा, गिऱ्हाईक सापडलंच नाही, हातात निल आला, आणि तुम्ही त्याचा क्रमांक विचारलात. तो प्रामाणिकपणे 'चार' म्हणणार, आणि चौथ्या क्रमांकाच्या कोणा गरिबाचं खातं उघडलं जाणार. रेल्स या चौकटीत यासाठी खास सूचनाच घातली होती: तुम्ही निलचा क्रमांक विचारला आहे, तो चुकून चार येईल. असल्या सूचना लिहिणाऱ्याने आधी काय भोगलं असेल, ते मी जाणतो.

ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली लुआ याहून विरक्त. कुठल्याही कप्प्यात निल ठेवलं की कप्पाच नाहीसा होतो. ठेवणं आणि काढून टाकणं यांत तिला भेद नाही. संन्याशाला दान दिल्यासारखंच ते.

सर्वांत भीती वाटते ती शेलची. रोजची किरकोळ कामं करणारी ही स्क्रिप्टची जात. न भरलेलं नाव आलं की ती काहीही न बोलता तिथे रिकामी जागा ठेवते. आता ओळ अशी असेल, की 'अमुक फोल्डर, त्यातलं सगळं पुसून टाक', आणि अमुकच्या जागी काहीच आलं नाही, तर उरतं काय? 'सगळं पुसून टाक'. २०१५ साली लिनक्सवरच्या एका प्रसिद्ध गेमवाल्या कार्यक्रमात नेमकं हेच निघालं होतं, आणि त्यात माणसांच्या घरच्या फायली गेल्या. शेलला 'न भरलेलं नाव दिसलं तर थांब' असं सांगायची सोय आहे, पण ती आपण मागावी लागते. मोलकरणीला 'चिठ्ठीवर खोलीचं नाव नसेल तर केर काढू नकोस' असं वेगळं सांगावं लागेल, हे नव्या मालकिणीच्या डोक्यात येत नाही, नंतर येतं.

हे झालं मूल्याचं. पण नल नावाचा एक जुना, अगदी बारका इसमही आहे, आणि तो या सगळ्यांहून अवघड. तो मूल्य नव्हे, अक्षर आहे. १९६३ सालच्या आस्की संकेतात अक्षरांना क्रमांक दिले, तेव्हा शून्याव्या जागी बसला तो हा. त्या काळी मजकूर कागदी फितीवर भोकं पाडून लिहीत. नल म्हणजे एकही भोक नाही, कोरी फीत. आणि याच्या दुसऱ्या टोकाला, १२७व्या जागी, सातही भोकं पाडलेलं अक्षर होतं. त्याचा अर्थ 'खोडलं'. कारण पडलेलं भोक बुजवता येत नाही, पण चुकलेल्या अक्षरावर उरलेली सगळी भोकं पाडून ते रद्द करता येतं. कोरं एका टोकाला, खोडलेलं दुसऱ्या टोकाला. वडिलांनी ही फीत पाहायला हवी होती.

पुढे सी भाषेने या कोऱ्या अक्षराला नोकरी दिली. मजकूर कुठे संपतो हे कळायला दोन रस्ते असतात. एक तारेचा: तारमास्तर आधी शब्द मोजायचे. दुसरा चेकचा: 'रुपये पाचशे एक मात्र'. त्या 'मात्र'ला पैशाची किंमत नाही, पण त्याच्यापुढे कोणी काही जोडू शकत नाही. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवत, ते यासाठीच. लेखनाची मर्यादा इथे झाली, पुढचा मजकूर आमचा नव्हे. सीने हा दुसरा रस्ता धरला आणि शेवटचं मोर्तब म्हणून नल अक्षर ठेवलं.

पण पर्लसारख्या भाषांनी तारमास्तरांचा रस्ता धरला. त्या लांबी मोजून ठेवतात, त्यामुळे नल हे त्यांच्या लेखी इतरांसारखंच एक अक्षर. मजकुराच्या मधोमध आलं तरी चालतं. आणि या भाषा ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सीच्या रीतीने चालते. दोघांच्या मध्ये जी फट राहिली ती १९९९ साली 'फ्रॅक' या नियतकालिकातल्या एका लेखाने जगाला दाखवली. वेबसाइटवरची पर्ल स्क्रिप्ट तुमच्याकडून फायलीचं नाव घेते आणि त्याला स्वतःचं शेपूट जोडते, म्हणजे तिला वाटतं, भलती फाइल उघडलीच जाणार नाही. लबाड माणूस नावाच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि दोन शून्यं लिहितो. वेबच्या लिपीत ते झालं नल अक्षर. पर्ल सबंध नाव वाचते, शेपटासकट, आणि खूश होते. खालची यंत्रणा मोर्तब दिसताच थांबते. शेपूट तिला दिसतच नाही, आणि कुलपाआडची फाइल उघडते. पत्राच्या मधोमध मोर्तब मारून 'किल्ला त्यांच्या ताब्यात द्यावा' एवढंच वाचायला ठेवावं आणि 'असे कोणी म्हणेल तर देऊ नये' हे मोर्तबाखाली ढकलावं, तशी ही युक्ती. पीएचपीत हे भोक बुजायला २०१० साल उजाडलं. पायथन हल्ली फायलीच्या नावात नल दिसला की दारातूनच परत पाठवते. शेलला तर तो हातात धरताच येत नाही. तिच्या हातून गळून पडतो.

गंमत अशी, की याच कारणाने युनिक्सवाले त्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकतात. तिथे फायलीच्या नावात जागा, टिंब, प्रश्नचिन्ह, अगदी नवी ओळसुद्धा चालते. चालत नाहीत फक्त दोन: तिरकी रेघ आणि नल. म्हणून हजार नावांची यादी एका हातातून दुसऱ्या हातात बिनचूक द्यायची असेल, तर जाणकार दोन नावांच्या मध्ये नल ठेवतात. ज्याला कुठल्याच घरात जागा नाही, त्यालाच भिंत होता येतं.

आता एवढ्या सगळ्याला जबाबदार कोण? टोनी होअर नावाच्या थोर संगणकशास्त्रज्ञाने ती जबाबदारी आपणहून घेतली. १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी काम करताना त्यांनी नल संदर्भ आणला, कारण आणणं फार सोपं होतं. २००९ साली भर सभेत ते म्हणाले, की ती माझी अब्ज डॉलरची चूक. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, कोऱ्या रकान्याखाली एका माणसाने सही केली.

होअरसाहेबांना अपराधी वाटायचं कारण नव्हतं, असं आपले नैयायिक म्हणाले असते. त्यांनी अभावाला पदार्थांच्या यादीतच बसवलं. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' उघडला तर सातवा पदार्थ अभाव, आणि त्याचे प्रकार चार. घडा अजून घडायचा आहे तोवरचं नसणं, तो प्रागभाव. फुटल्यानंतरचं नसणं, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग नाही, तो अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे कापड नव्हे, तो अन्योन्याभाव. न भरलेलं, पुसलेलं, लागू नसलेलं आणि 'हा आकडा नव्हे', असे स्क्रिप्टचे चारही घोटाळे शेकडो वर्षांपूर्वी रकाने आखून तयार होते. शिवाय त्यांची अट असे, की नुसतं 'नाही' म्हणायचं नाही. काय नाही आणि कुठे नाही, दोन्ही सांगायचं. जमिनीवर घडा नाही. जी वस्तू नाही तिला म्हणतात प्रतियोगी. प्रतियोगी न सांगता अभाव सांगणं म्हणजे वडिलांच्या भाषेत बिनसहीचा कागद.

हा कागद कुठवर जातो, ते कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांना विचारावं. संगणकातल्या माणसाचा विनोद म्हणून त्यांनी गाडीच्या पाटीवर नंबर घेतला, 'नल'. वाटलं असेल, यंत्राला दंडच आकारता येणार नाही. झालं उलटं. ज्या ज्या दंडाच्या पावतीवर गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता, त्या सगळ्या नल म्हणून यांच्या दारात आल्या. रक्कम बारा हजार डॉलरच्या वर गेली. साऱ्या राज्यातल्या विसराळू हवालदारांचे कोरे रकाने एका माणसाने सांभाळले.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. मास्तरांचा अनुस्वार ठेवला; 'नाव' सापडलं नाही तर 'नांव' पाहायचं. मास्तरांना सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "चला, सरकारने नाही, तुम्ही तरी." आणि रक्कम नसेल तिथे छापायचं, 'निरंक'. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही तशी पावती गेली: आपली वर्गणी निरंक. गावाहून आल्या त्या थेट आमच्या दारात, हातात पाचशे एक. "निरंक काय लिहितोस रे? मेले नाहीये मी," म्हणाल्या. पण पावती पर्समध्ये नीट घडी घालून ठेवलेली होती.

नंतर एका रविवारी माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात वडिलांच्या खर्चाच्या डायऱ्या. निवृत्तीनंतर विवरणपत्रं मागणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते स्वतःकडूनच मागून घेत. रोजची ओळ. भाजी १२, रिक्षा २०, वर्तमानपत्राचं बिल. ज्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत, त्या दिवशी: खर्च निरंक. शेवटची डायरी ऑगस्टपर्यंत भरलेली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाचं अक्षर जरा हललेलं, पण वाचता येत होतं. निरंक. खाली छोटी सही. पुढचं पान कोरं.

मी त्या पानाकडे पाहत बसलो. त्यात काय नाही आणि कुठे नाही, हे सांगायला मला नैयायिक लागले नाहीत.

मग पान उलटलं, तर पुढे अक्षर होतं. वडिलांचं नव्हे. मोठं, वाकडं, पेन्सिलीचं. दूध १ लिटर. दूध १ लिटर. दूध नको, घरी आहे. दूध १ लिटर. पुढे डिसेंबरपर्यंत तेच.

"आई, ही डायरी तू वापरलीस?"

तिने स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं. "मग काय करणार? पानं कोरी सोडायची नाहीत, असं ह्यांचं असायचं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि येताना तांदूळ घेऊन ये. वाढलेत."